९ आठवड्यांचं पिल्लू, पाण्यासारखे जुलाब: सकाळपर्यंत अंगातलं पाणी कसं टिकवू?

पिल्लूवाली
कुत्र्यांवरचे जुने धागे चाळले, पण एवढ्या लहान पिल्लाबद्दल नेमकं कुठे सापडेना, म्हणून नवा काढतेय.

घरी नुकतंच आलेलं ९ आठवड्यांचं पिल्लू आहे, वजन साधारण ३ किलो. लशीचा पहिला डोस झालाय. जंताचं औषध दिलंय असं आधीच्या लोकांनी तोंडी सांगितलं, कागद काही नाही. दुपारपासून शी पातळ होती, संध्याकाळनंतर निव्वळ पाणी. पिवळसर, थोडा बुळबुळीत शेंब. रक्त नाही, उलटी नाही. खेळतंय, पण लगेच दमून झोपतंय. एरवी वाटीवर तुटून पडतं, आज निम्मं सोडलं.

दवाखान्यात उद्या सकाळचा पहिला नंबर लावलाय. रात्र कशी काढू? ओआरएस चालतं का, किती द्यायचं? उपाशी ठेवू का? घरात माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या आहेत, पाव तुकडा दिला तर?

टॉमीचे_बाबा
गोळी देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण आधी ती गोळी परत डब्यात ठेवा.

खारूताई
आमच्याकडे सगळ्या कुत्र्यांना जुलाब झाले की २४ तास उपास. पोटाला विश्रांती, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. उगाच घाबरू नका.

डॉ_शेपूट
पशुवैद्य आहे, इथे टोपणनावानेच लिहितो. पिल्लू न बघता लिहितोय, तेव्हा हे फक्त सकाळपर्यंत निभावण्यापुरतं.

खारूताई, धडधाकट मोठ्या कुत्र्याचा एक दिवसाचा उपास खपून जातो. ९ आठवड्यांच्या पिल्लाचा नाही. यकृतात साखरेचा साठा नावापुरता, अंगावर चरबी नाही. जुलाब चालू आणि पोटात काही नाही, असं काही तास चाललं तरी रक्तातली साखर घसरू शकते, बुटक्या जातींत तर फारच लवकर. मग पाय लटपटतात, गुंगी येते, पुढे झटके. उपास नको, फक्त खाणं थोडं थोडं आणि साधं ठेवा.

आता पाणी. हिशेब मांडून सांगतो म्हणजे 'थोडं थोडं द्या' यावर सोडल्यासारखं होणार नाही. या वयाच्या पिल्लाला दिवसाला किलोमागे साधारण १०० मिली पाणी लागतं, म्हणजे तुमच्या पिल्लाला ३०० मिली. हे झालं रोजचं. आधीच गेलेलं वेगळं. ५ टक्के पाणी कमी झालं असं धरलं, तर ३ किलोच्या ५ टक्के म्हणजे १५० ग्रॅम, तेवढेच १५० मिली. ते दहा तासांत भरून काढायचं म्हटलं तर तासाला १५ मिली, आणि रोजच्यातले तासाला १२-१३ मिली. मिळून तासाला २५ ते ३० मिली. म्हणजे दर दहा-बारा मिनिटांनी ५ मिली. एकदम वाटीभर प्यायला दिलं तर पोट ताणून उलटी होते आणि केलेलं सगळं वाया.

ओआरएस चालतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं साधं. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात करू नका, पावडर एकसारखी मिसळलेली नसते. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. ते चालतं याचं कारण असं की आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि पाणी त्यांच्या मागे ओढलं जातं. ही वाट बहुतेक जुलाबांत शाबूत असते. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. वरून साखर घातली तर उलट पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. साधं पाणीही शेजारी ठेवा, त्याला हवं ते पिऊ दे.

गोळीबद्दल टॉमीचे बाबा बरोबर आहेत. जुलाबाच्या गोळीत असतं ते लोपेरामाइड आतड्याची हालचाल थांबवतं. जंतुसंसर्ग असेल तर घाण आतच राहते. कोलीसारख्या काही जातींत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलचं तर नावच नको.

सकाळची वाट न बघता आत्ताच रात्रीचा दवाखाना गाठायचा, तो यांपैकी एक जरी दिसलं तरी: उलटी सुरू झाली, शीत रक्त आलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, हिरड्या पांढुरक्या पडल्या, हाक मारल्यावर मान वर करेना, पोट फुगलं किंवा हात लावू देईना, ताप ३९.५ अंश सेल्सियसच्या वर किंवा अंग ३७.५ च्या खाली. यातलं गार पडणं मला तापापेक्षा जास्त वाईट वाटतं. आणि पत्ता, फोन आत्ताच काढून ठेवा. पहाटे तीनला शोधाशोध नको.

पिल्लूवाली
खूप आभार. गोळी बाद. हिरड्या बघा म्हणताय, पण नक्की काय बघायचं?

भूभूशाळा
मी अनाथ पिल्लं थोडे दिवस सांभाळून पुढे देते, त्यामुळे हे काम अंगवळणी पडलंय. ओठ हलकेच वर करा. बोटाचं टोक हिरडीवर टेकवून उचला. ओल्या काचेवरून सटकल्यासारखं सटकलं तर ठीक. चिकटल्यासारखं वाटलं, लाळेची तार आली, तर पाणी कमी पडतंय. मग सुळ्याच्या वरची गुलाबी हिरडी अंगठ्याने दाबा, पांढरी होईल. सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. काळ्या हिरड्यांचं पिल्लू असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

कातडी चिमटीत धरून सोडायची युक्ती सगळे सांगतात. पिल्लांत ती दगा देते. गुटगुटीत पिल्लाची कातडी पाणी कमी असलं तरी पटकन जागेवर जाते, हडकुळ्याची पाणी कमी नसतानाही उभी राहते. मी तिच्यावर भिस्त ठेवत नाही.

सिरिंजबद्दल: सुई काढलेली ५ मिलीची. पिल्लू उभं किंवा बसलेलं हवं, मान सरळ, नाक आभाळाकडे नको. ओठांच्या कोपऱ्यातून, दाढा आणि गालाच्या मध्ये जी खोबण असते तिथे टोक ठेवा आणि अर्धा-पाऊण मिली सोडा. थांबा. जीभ हलली, गिळलं, मग पुढचं. घशाच्या दिशेने पिचकारी मारली तर पाणी श्वासनळीत जातं आणि जुलाब राहिले बाजूला, न्यूमोनिया होऊन बसतो. गिळत नसेल किंवा गुंगीत असेल तर तोंडाने एक थेंबही नाही, सरळ दवाखाना.

आणि वजन करा. आत्ता. स्वयंपाकघरातला काटा, त्यावर परडी, परडीत पिल्लू.

रात्रपाळी
ओआरएस घरात नसेल तर खेळाडूंचं ते रंगीत पेय? आमच्या ओळखीत एकांनी दिलं होतं.

डॉ_शेपूट
त्यात साखर जास्त आणि सोडियम कमी, म्हणजे हव्या त्याच्या बरोबर उलट. 'बिनसाखरेचं' लिहिलेलं तर अजिबात नको. झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि साखर धाडकन पडते, जास्त गेलं तर यकृतही जातं. स्वादाच्या ओआरएस पाकिटांवरही घटक वाचून घ्या. काहीच नसेल तर साधं पाणी आणि चिकनचं बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं पातळ पाणी द्या. आणि दूध नको. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते.

पिल्लूवाली
वजन केलं. परवा तपासणीत ३.०४ भरलं होतं, आत्ता २.९२. हिरडी गुलाबी, जराशी चिकट. दाबल्यावर रंग लगेच येतोय. ओआरएस सिरिंजने घेतंय, तोंड वाकडं करून का होईना.

डॉ_शेपूट
१२० ग्रॅम म्हणजे ४ टक्के. पण या वयात ते रोज वाढायला हवं होतं, म्हणजे तूट त्याहून थोडी जास्त धरा. एक-दोन दिवसांत उतरलेलं वजन जवळजवळ सगळं पाणीच असतं, म्हणून काट्याइतकं खरं दुसरं काही बोलत नाही. ५ टक्क्यांच्या आतली तूट डोळ्यांना दिसतच नाही. डोळे खोल जायला लागले म्हणजे प्रकरण १० टक्क्यांच्या आसपास पोचलेलं असतं. 'खेळतंय ना, मग ठीक आहे' हे ऐकलं की मला म्हणूनच धडकी भरते. पिल्लू शेवटपर्यंत खेळतं आणि मग एकदम कोसळतं.

दर दहा मिनिटांनी सिरिंज घेऊन छळायलाच हवं असं नाही, तासाचा हिशेब तेवढा राहू दे. गाढ झोपलं तर तासभर झोपू द्या, पण दोन तासांवर नको. झोपेतून उठवल्यावर नीट उठतं का, हीच मोठी तपासणी. साखर उतरल्याची शंका आली तर हिरड्यांवर थोडा मध चोळा आणि निघा. मध हा वाटेपुरता, उपचार नव्हे. कागदावर लिहीत राहा: किती वाजता किती मिली, शी कधी, कशी, शू झाली का. सकाळच्या डॉक्टरांना तो कागद सोन्यासारखा वाटेल.

मांजरमाणूस
एवढ्या जुलाबावर एवढा बाऊ? आमची रस्त्यावरची पिल्लं कुणी तोलत बसत नाही.

भूभूशाळा
त्यातली किती मोठी होतात तेही कुणी मोजत नाही.

पिल्लूवाली
दवाखान्यातून आले. रात्री दोनदा पाणी, नंतर एकदा थोडी दाटसर. उलटी नाही. पार्वोची, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब करणाऱ्या विषाणूची, चाचणी केली, नाही आली. शी तपासली त्यात कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) भरपूर आणि गोल जंतांची अंडीही. कातडीखाली सलाईन दिलं, मानेमागे उंटासारखी मदार आलीय, बघून जीव तुटतोय. कॉक्सिडियाचं औषध, जंताचं औषध, प्रोबायोटिक. अँटिबायोटिक नाही. शिरेतून सलाईन का नाही दिलं, कुणी सांगेल का?

डॉ_शेपूट
मदार काही तासांत विरघळते, काळजी नको. तूट थोडी असेल, रक्ताभिसरण नीट असेल तर कातडीखालचं पुरतं आणि पिल्लू घरी जाऊ शकतं. जास्त तुटीत शरीर कातडीकडचं रक्त आखडून घेतं, तिथलं पाणी शोषलंच जात नाही. तेव्हा शीरच हवी, शीर सापडत नसेल तर हाडातून. तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलं.

अँटिबायोटिक दिलं नाही हेही योग्य. पूर्वी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सरसकट दिलं जायचं. आता दिसतंय की साध्या तीव्र जुलाबात त्याने विशेष फरक पडत नाही आणि आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची घडी बराच काळ विस्कटते. ताप, रक्त, पांढऱ्या पेशी घटलेल्या असं असेल तर गोष्ट वेगळी.

पार्वोचं एक लक्षात असू द्या. ती चाचणी काही मिनिटांत होते, पण अगदी सुरुवातीला खोटी 'नाही' येऊ शकते. पुढच्या दोन दिवसांत उलट्या, रक्त किंवा एकदम मलूल झालं तर पुन्हा करायला सांगा. १९७८ मध्ये हा विषाणू पहिल्यांदा लक्षात आला, आणि लस निघून इतकी वर्षं झाली तरी लस अर्धवट झालेली पिल्लं त्याच्यापायी जातात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा ३ ते ७ दिवस. नव्या घरी आल्यावरच नेमकं आजारी पडतं ते यामुळेही, घेऊन येतानाच बरोबर आलेलं असतं.

खारूताई
उपासाचं माझं मत मोठ्या कुत्र्यापुरतं ठेवते. पण मग खायला काय, ते कुणी लिहिलंच नाही.

भूभूशाळा
कातडी-हाडं काढलेलं उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ शिजवलेला भात दोन भाग, मीठ-तेल काही नाही. दिवसभराचं खाणं पाच-सहा वेळांत वाटून, पहिला घास चमचाभर. किंवा दवाखान्यातलं पचायला हलकं डबाबंद खाणं, तेही उत्तम. शी बांधली गेली की तीन-चार दिवसांत त्याचं नेहमीचं पिल्लांचं खाणं पाव, अर्धं, पाऊण असं मिसळत परत आणायचं. चिकन-भात आठवडाभराच्या वर लांबवू नका, त्यात कॅल्शियम नाही आणि हाडं वाढीला लागलेली असतात.

एक गंमत, आधीच्या घरी काय खात होतं ते विचारलंत का? बरेचदा नुसतं खाणं एकदम बदललं तरी पोट बिघडतं, त्यात घर बदललं, आई-भावंडं सुटली. कॉक्सिडिया बऱ्याच पिल्लांच्या पोटात गप्प बसलेले असतात आणि असा ताण आला की डोकं वर काढतात.

डॉ_शेपूट
जोड देतो: पार्वो झालेल्या पिल्लांतही लवकर, थोडं थोडं खायला घातलेली पिल्लं उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सावरली असं अभ्यासात दिसलंय. आतड्याच्या अस्तराला बरंचसं अन्न आतूनच मिळतं.

पिल्लूवाली
मागची बाजू लालबुंद झालीय, चाटतंय सारखं. पावडर लावू का?

भूभूशाळा
पावडर नको. कोमट पाण्याने धुवायचं, पुसायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं. पूर्ण सुकल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. लांब केस असतील तर तिथले कातरून टाका, वाळलेली शी केसांत घट्ट बसून भोकच बंद झालेलं पाहिलंय. बाळांच्या डायपरचं पांढरं मलम मात्र नको. त्यात झिंक ऑक्साइड असतं, चाटून पोटात गेलं तर विषारी.

रात्रपाळी
घर साफ करायला ब्लीच पुरे ना? आमच्याकडे पिल्लू आणायचं घाटतंय, आधीच विचारून ठेवतो.

डॉ_शेपूट
कशासाठी यावर आहे. पार्वोला ब्लीच चालतं: आधी शी उचलून, साबणाने घासून, धुवून, मग एका भागाला तीस भाग पाणी आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाण असताना ओतलं तर ब्लीच घाणीवरच खर्च होतं, आणि शू न धुता ओतलं तर त्यातल्या अमोनियामुळे घशाला झोंबणारा वायू होतो. हात धुवायचं अल्कोहोलचं जेल पार्वोवर भरवशाचं नाही, साबण-पाण्याने हात धुवा. नीट साफ केलं नाही तर हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो.

कॉक्सिडियाला ब्लीचने ढिम्म फरक पडत नाही. तिथे वेग आणि उष्णता. ताज्या शीतली अंडी लगेच लागण करत नाहीत, बाहेर दिवसभर किंवा जास्त पिकावी लागतात. म्हणून शी पडल्या पडल्या उचलली की अर्धं काम झालं. अंथरूण उकळत्या पाण्यात, फरशीला वाफ. जिआर्डिया हा आतड्यातला दुसरा परजीवी याच्या उलट, बाहेर पडताक्षणी लागण करतो.

घरात लहान मूल असेल तर: कुत्र्याचे हे कॉक्सिडिया माणसाला होत नाहीत. गोल जंत मात्र होऊ शकतात, आणि पिल्लांच्या जुलाबात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू असेल तर तोही. मुलांनी हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाकडे न्यायचे नाहीत, एवढं पाळा.

टॉमीचे_बाबा
वाचनखूण साठवली.

पिल्लूवाली
शी बांधली गेलीय. वजन ३.११. काल माझ्या चपलेचा पट्टा खाल्ला, म्हणजे भूक आली असं समजते.

डॉ_शेपूट
छान. पण पट्टा खरंच गिळला का, बघा. तुकडा नसेल सापडत तर दोन दिवस शी तपासा, उलटी झाली तर लगेच दाखवा. आणि एक इशारा देऊन ठेवतो, जोरदार जुलाबानंतर पिल्लांत कधीकधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकतो. बरं होत आलेलं पिल्लू पुन्हा ओकायला लागलं, कुंथतंय पण शी होत नाही, पोटात लांबट गोळा लागतो, तर घरी थांबू नका.

नवा_सभासद
धागा वर आणतोय. ४ आठवड्यांचं पिल्लू सापडलंय, आई नाही, जुलाब आहेत, अंग गार लागतंय. दूध पाजू का?

भूभूशाळा
आधी ऊब. गार पिल्लाला दूध पाजू नका, शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की आतडं हलत नाही, दूध आत आंबतं किंवा फुप्फुसात जातं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, पिल्लाला दूर सरकता येईल अशी ठेवा. आणि ऊब देत देतच दवाखान्याकडे निघा. या वयात रात्र काढायची नसते.

डॉ_शेपूट
शीचा ताजा नमुना डबीत घेऊन जा. हिरड्या फिकट असतील तर आकडेकृमी असू शकतात, ते आईच्या दुधातून येतात आणि रक्त पितात. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून देता येतं, मात्रा वजनावर ठरते, तेव्हा दवाखान्यात गेल्यावरच.

पिल्लूवाली
माझा शेवटचा प्रश्न. लशीचा दुसरा डोस या आठवड्यात होता. देऊ?

डॉ_शेपूट
औषधांचा कोर्स संपून शी काही दिवस नीट राहिली की द्या, तुमच्या डॉक्टरांना विचारून. पण ढकलत नेऊ नका. २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने डोस चालू ठेवायचे आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तोवर लशीला आड येऊ शकते. तोपर्यंत अनोळखी कुत्र्यांच्या शू-शीच्या जागी त्याला जमिनीवर सोडू नका, उचलून न्या.